१२१०ला १६१२चा गिअरबॉक्स लावायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा. कराडजवळच्या एका घरात आजोबांनी घेतलेली टाटा १२१० एसई ट्रक आहे, १९७४ची, नाकवाली (बॉनेट पुढे आलेली). इंजिन मूळचं ६९२, आणि बऱ्याच वर्षांनी ते चालू झालंय. गिअरबॉक्सची केस मात्र ले शाफ्टच्या (बॉक्समधल्या खालच्या जोडशाफ्टच्या) मागच्या बेअरिंगपाशी तडकलीय. भंगारात निघालेल्या एका टाटा १६१२चा गिअरबॉक्स स्वस्तात मिळतोय. शिवाय सांगलीकडे आणखी एक १२१० शेडमध्ये उभी आहे आणि तिचा मालक सुटे भाग द्यायला तयार आहे. नातवाने विचारलंय की यातला कुठला घ्यावा, १६१२चा घेतला तर काय काय बदलावं लागेल, आणि तडकलेली केस वाचवता येते का?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. सांगलीला जा. तिथला बॉक्स तुमच्याच जातीचा निघाला तर तो घ्या, आणि त्याहून चांगलं म्हणजे त्याची फक्त केस घेऊन तुमच्या बॉक्समधला माल तिच्यात भरा. तिथे काहीच जमलं नाही तर १६१२चा विचार करा. पण मग एकटा बॉक्स आणू नका. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेल हाउसिंग (इंजिन आणि बॉक्स जोडणारं, क्लचवरचं कवच), रिलीज बेअरिंग, क्लचचा काटा, मागचा फ्लँज आणि प्रोपेलर शाफ्टचा (बॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा) पुढचा तुकडा, हे सगळं त्याच गाडीवरून त्याच दिवशी उचला. भंगारवाला बॉक्स वेगळा आणि बाकीचं वेगळं विकायला बघेल. अडून बसा. आज हजार-दोन हजार वाचवाल आणि पुढे एका काट्यासाठी किंवा एका फ्लँजसाठी महिना फिराल.

गाड्या दोन्ही टाटाच्याच असल्या तरी इतकं सांगायचं कारण आहे. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझचा करार १९५४चा. १९६९ला तो संपला, तरी गाडी त्याच जर्मन आराखड्यावर वाढत राहिली, म्हणून आपल्याकडची जुनी माणसं १९७४च्या गाडीलाही मर्सिडीजच म्हणतात. ६९२ म्हणजे ६ सिलिंडर, ९२ मिमी बोअर. १६१२मध्ये आलं ते ६९७, म्हणजे ६ सिलिंडर, ९७ मिमी बोअर, ५६७५ सीसी. घराणं एकच, पण इंजिन मोठं, गाडीचं एकूण वजन १२ टनांवरून १६ टनांवर गेलेलं. त्या बोज्याला पुरे पडेल असा क्लच आणि गिअरबॉक्स मागे लागणार हे उघड आहे. शिवाय आपल्याकडची जुनी ट्रक कारखान्यातून निघाली तशी कधीच उरलेली नसते. मधल्या काळात कुणी फ्लायव्हील बदललं, कुणी हाउसिंगला नवी भोकं पाडली, कुणी दुसऱ्याच गाडीचा क्लच घातला. तेव्हा कॅटलॉगमध्ये काय लिहिलंय यावर जाऊ नका, गाडीत काय बसलंय ते मोजा. हे तुमच्या गाडीला जेवढं लागू तेवढंच सांगलीच्या गाडीलाही.

मोजणी मागून सुरू करा. गिअरबॉक्स म्हटला की सगळे पुढचं तोंड बघतात, बोल्ट जुळतात का ते बघतात. मी आधी डिफरन्शियलचं गुणोत्तर विचारतो, कारण रस्त्यावर गाडी कशी पळणार हे तिथे ठरतं. क्राऊन-पिनियनवर दातांचा आकडा कोरलेला असतो, पण त्यासाठी हाउसिंग उघडायची गरज नाही. गिअर न्यूट्रलला घाला, पुढच्या चाकांना लाकडी ओंडके लावा, मागचं एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं उचला. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून तो किती फिरला ते बघा. जो आकडा येईल तेच गुणोत्तर. पावणेसातच्या थोडं पुढे आलं तर ६/४१, म्हणजे ६.८३. सहाच्या थोडं आत आलं तर ७/४१, म्हणजे ५.८६.

आता हिशोब करा. ९.००-२० टायर एका फेऱ्यात साधारण ३.०८ मीटर जातो. इंजिन २८०० आरपीएमला आहे आणि टॉप गिअर सरळ, म्हणजे एकास एक आहे असं धरलं, तर ६/४१वर गाडी ताशी सुमारे ७६ किमी पळते आणि ७/४१वर ८८. आता याच ६/४१च्या गाडीला ०.८ ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा मागचा शाफ्ट जास्त फिरवणारा टॉप गिअर) असलेला एखादा नंतरचा बॉक्स लावला तर तेवढ्याच आरपीएमला वेग ९५वर जातो. ओव्हरड्राइव्हचा फायदा खराच आहे. ताशी ६० किमीला इंजिन २२०० ऐवजी १८००च्या आत फिरतं, आवाज कमी, डिझेल कमी. पण १९७४च्या गाडीचे ब्रेक, स्टेअरिंग आणि पाटे ९५ला बनलेले नाहीत, आणि हातात तो वेग असला की कधीतरी कुणीतरी तो वापरतो. घरातली पुढची पिढी ही गाडी चालवणार असेल तर मी ओव्हरड्राइव्ह लावून देत नाही.

गिअरबॉक्सची गुणोत्तरंही अशीच बाकावर काढता येतात. एकेक गिअर घाला, क्लच शाफ्ट हाताने फिरवा, मागचा फ्लँज एक पूर्ण फेरा होईपर्यंत पुढचे फेरे मोजा. पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे कागदावर मांडा आणि तुमच्या जुन्या बॉक्सचे शेजारी लिहा. दोन गिअरमधली उडी कुठे मोठी आहे ते लगेच दिसतं. लहान इंजिनाला मोठी उडी जड जाते. खंबाटकी घाटात तिसऱ्याचा चौथा टाकला की गाडी दम सोडते, परत तिसरा टाकला की इंजिन ओरडतं. ६९७मागे जी उडी खपून गेली ती ६९२मागे खपेलच असं नाही. ताकदीची काळजी मात्र करू नका. मोठ्या गाडीचा बॉक्स लहान इंजिनामागे तुटत नाही, उलटं केलं तर तुटतो.

आता बॉक्स बघायला जाताना काय न्याल? एक उथळ पाटी, लोहचुंबक, टॉर्च, व्हर्निअर आणि वरचं झाकण उघडायला पाने. झाकण उघडू न देणाऱ्याकडून बॉक्स घेऊ नका. आधी ड्रेन बोल्ट काढून ऑइल पाटीत सोडा. काळं, जाडसर ऑइल निघालं तर घाबरू नका, तो वयाचा परिणाम. दुधाच्या चहासारखं फिकट निघालं तर आत पाणी शिरलंय, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे असणार आणि सगळी बेअरिंगं बदलायची असं धरून भाव करा. चुंबक ऑइलमधून फिरवा. करडं लोणी लागलं तर ठीक. चमकते कण, पापुद्रे किंवा सुईसारख्या काड्या लागल्या तर कुठला तरी दात किंवा बेअरिंगची रिंग सुटत चाललीय.

वरून बघताना दातांच्या मुख्य अंगापेक्षा डॉगचे दात बघा, म्हणजे गिअर घालताना जे एकमेकांत अडकतात ते. त्यांचे कोपरे गोल झाले असतील तर उतारावर पाय उचलला की गिअर सुटतो. घाटात भरलेली गाडी असताना गिअर सुटणं म्हणजे काय, हे ड्रायव्हरला सांगायला नको. मग क्लच शाफ्टचं पुढचं टोक बघा, जे फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगमध्ये फिरतं. तिथे नखाला लागेल असा खड्डा किंवा निळा रंग दिसला तर आधीच्या गाडीत हा बॉक्स वाकडा बसलेला होता. स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या लांब खाचांवर) बोट फिरवा. क्लच प्लेटच्या हबने पायरी पाडली असेल तर नवी प्लेट त्या पायरीवर अडकेल आणि क्लच सुटणार नाही. शेवटी समोरच्या कव्हरचं नाक, ज्यावर रिलीज बेअरिंग पुढेमागे सरकतं, ते एका बाजूने खाल्लंय का ते बघा.

सांगलीच्या गाडीकडे जाल तेव्हा केसवरचा ओतीव नंबर टिपून घ्या आणि तुमच्या केसवरच्या नंबराशी ताडून बघा. जुळला तर मी सांगितलं तसं फक्त केस बदला. यात मला सर्वांत जास्त समाधान वाटतं, कारण आजोबांच्या हाताने घातलेले गिअर त्याच गाडीत राहतात. दोन्ही बॉक्समधला माल एकमेकांत मिसळू मात्र नका. मेन शाफ्टवरचा गिअर आणि त्याच्याशी लागणारा ले शाफ्टवरचा गिअर वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून बसलेले असतात. घ्यायची तर जोडी घ्या. बेअरिंगं, ऑइल सील, पॅकिंग सगळं नवं, आणि शिम (खेळ बसवायच्या पातळ चकत्या) मूळ होते तितकेच घातले तरी बरोबर, असं समजू नका. केस वेगळी आहे, शाफ्टचा खेळ पुन्हा मोजून शिम ठरवा.

तडकलेली केस वाचवता येते का, असंही तुम्ही विचारलंय. तडा नुसत्या भिंतीत असता तर मी हो म्हटलं असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बीड (ओतीव लोखंड) ओळखून काम करणारी माणसं आहेत. केस गरम करून, निकेल रॉडने थोडं थोडं वेल्ड मारून, राखेत किंवा वाळूत हळूहळू थंड करतात, किंवा न तापवता पिना मारून तडा शिवतात. पण तुमचा तडा बेअरिंगच्या बोअरमधून गेलाय. तिथे वेल्ड केलं की बोअर हलतो, मग तो भरून बोरिंग मशीनवर नव्याने, पुढच्या बोअरच्या बरोबर रेषेत काढावा लागतो. काम होतं, पण करणारा फार जाणता हवा. तीच केस लावायची असेल तरच त्या वाटेला जा. आणि लावणार नसाल तरी ती भंगारात घालू नका. नाव लिहून, तेल लावून, फळकुटावर ठेवून द्या. पुढे कुणाला गाडी पुन्हा मूळ रूपात न्यायची झाली तर हाताशी असावी.

आता समजा सांगलीला काही हाती लागलं नाही आणि १६१२चाच बॉक्स आणला. काहीही जोडायच्या आधी ही मापं घ्या आणि वहीत लिहा. बॉक्सच्या तोंडापासून क्लच शाफ्टचं टोक किती बाहेर येतं. हाउसिंगच्या मागच्या तोंडापासून पायलट बेअरिंग किती आत आहे. शाफ्टच्या टोकाचा व्यास आणि पायलट बेअरिंगचं भोक. स्प्लाइनचे दात किती आणि बाहेरचा व्यास किती. हाउसिंगच्या गोल बोअरचा व्यास आणि बॉक्सच्या समोरच्या गोल खांद्याचा व्यास. टोक पायलट बेअरिंगमध्ये पूर्ण शिरलं पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. टेकलं तर बोल्ट आवळताना क्रँक पुढे रेटला जातो आणि थ्रस्ट बेअरिंग पहिल्याच दिवशी खाल्लं जातं. शंका असेल तर बेअरिंगच्या मागच्या पोकळीत मातकामाच्या मऊ मातीची गोळी ठेवा, बॉक्स एकदा बसवून काढा आणि माती किती दबली ते बघा.

खांद्याचा व्यास आणि बोअरचा व्यास यांच्याकडे लोक कधीच बघत नाहीत. बॉक्स जागेवर धरून ठेवायचं काम बोल्ट करतात, पण तो मधोमध आणतो तो हा खांदा. खांदा बोअरमध्ये सैल असेल तर बॉक्स बोल्टच्या भोकांच्या ढिलाईइतका खाली लटकतो, आणि ही ढिलाई सहज अर्धा मिलिमीटर असते.

म्हणून डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक). सगळ्या उत्तरातला एवढाच भाग करणार असाल तरी चालेल, पण हा करा. क्लच काढलेला, फ्लायव्हील जागेवर, बेल हाउसिंग इंजिनाला पूर्ण आवळलेलं. इंजेक्टर काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने फिरेल. डायल गेजचं मॅग्नेट फ्लायव्हीलवर बसवा आणि गेजची टोकणी हाउसिंगच्या बोअरच्या आतल्या भिंतीला लावा. काटा शून्यावर आणा. एकाने पुढून पुली सावकाश फिरवायची, दुसऱ्याने काटा बघायचा आणि बाराच्या, तीनच्या, सहाच्या, नऊच्या जागी आकडा सांगायचा. पूर्ण फेरा झाला की काटा शून्यावर परत यायला हवा, आला नाही तर मॅग्नेट सरकलंय, पुन्हा करा. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान आकडा यातला फरक ०.२० मिमीच्या आत हवा. नंतर टोकणी बोअरमधून काढून हाउसिंगच्या तोंडावर ठेवा आणि तसंच फिरवा, तिथेही ०.२०च. हे दुसरं माप घेताना क्रँक सतत एकाच बाजूला दाबून धरा, कारण क्रँकचा पुढेमागे खेळ काट्यात मिसळतो आणि चांगलं हाउसिंग वाकडं दिसायला लागतं. मग मॅग्नेट इंजिनाच्या हाउसिंगवर ठेवून फ्लायव्हीलचं तोंड बघा, ०.१८च्या आत, आणि पायलट बेअरिंगचं भोक, ०.१३च्या आत. हे आकडे जड वाहनांच्या क्लच आणि गिअरबॉक्ससाठी सर्रास धरले जातात, आणि पन्नास वर्षांच्या गाडीलाही ते सोडून द्यायचं कारण नाही.

आकडा जास्त आला तर लगेच शिम घालायला धावू नका. हाउसिंग काढा, दोन्ही तोंडं कानशीने नव्हे तर सपाट दगडाने हलकी घासा, डोवेल पिनांच्या (हाउसिंग नेमक्या जागी आणणाऱ्या खुंट्यांच्या) भोकातला गंज काढा, पुन्हा बसवा. अर्ध्या वेळा तेवढ्याने जमतं. रेस्टोरेशनमध्ये आणखी एक कारण हमखास सापडतं, ते म्हणजे रंग. हाउसिंग सुंदर रंगवलेलं असतं आणि रंगाचा थर तोंडावरही चढलेला असतो, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. जोडणीच्या तोंडांना रंग लागता कामा नये. टेप लावूनच रंगवा. तोंडं साफ करूनही बोअर एका बाजूला राहिला तर खाचखळगा न करता टर्नरकडून विकेंद्री डोवेल पिना करून घ्या. त्या फिरवून हाउसिंग हवं तिकडे सरकवता येतं आणि मूळ भाग जसेच्या तसे राहतात.

एवढा अट्टहास का, तर वाकड्या बसलेल्या बॉक्सची दुखणी दुसऱ्याच नावाने समोर येतात. टॉप गिअर सुटतो, लोक सिलेक्टरच्या स्प्रिंगा बदलतात. क्लच पूर्ण सुटत नाही, लोक पेडलचा खेळ वाढवतात. क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा काही महिन्यांत तुटून पडतात, लोक प्लेट बनवणाऱ्याला शिव्या देतात. मूळ दुखणं तेव्हा समोरच्या तोंडावर असतं आणि ते बघायला सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

क्लच प्लेटबद्दल. बाजारात ३१० आणि ३३० अशा दोन्ही मापांच्या प्लेटा मिळतात, आणि हातात धरल्या की फरक पटकन कळत नाही. प्लेटचा बाहेरचा व्यास फ्लायव्हीलशी जुळला पाहिजे आणि हबचे दात क्लच शाफ्टशी. तुमच्या फ्लायव्हीलला एक माप आणि १६१२च्या शाफ्टला दुसरेच दात, अशी पाळी आली तर आपल्याकडचा सोपा उपाय म्हणजे एका प्लेटचा हब काढून दुसऱ्या प्लेटला रिव्हेट मारणं. मी हे शेवटचा उपाय म्हणूनच मान्य करतो. करायचंच तर लायनिंग बसवणाऱ्या चांगल्या दुकानात, आणि झाल्यावर प्लेट शाफ्टवर चढवून डायल गेजने कडेचा डगमग तपासून. पण १६१२चं फ्लायव्हील तुमच्या क्रँकच्या फ्लँजला बसत असेल तर अख्खा क्लच त्याच गाडीचा लावणं कितीतरी बरं. त्या वेळी फ्लायव्हीलची रिंग आणि स्टार्टरचं पिनियन यांचे दात जुळतात का ते मात्र आधी बघा.

चढवताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. बॉक्स शंभर किलोच्या पुढचा असतो. शाफ्ट प्लेटमध्ये शिरलाय आणि बॉक्स अजून बोल्टवर नाही, अशा अवस्थेत तो क्षणभरही सोडायचा नाही. सगळं वजन प्लेटच्या हबवर येतं आणि प्लेट वाकते. डोळ्यांना दिसणार नाही इतकी, पण क्लच सोडताना गाडी कायम थरथरेल. त्यासाठी लांब बोल्ट घेऊन त्यांची डोकी कापा, टोकाला स्क्रू-ड्रायव्हरची खाच मारा आणि वरच्या दोन भोकांत लावा. बॉक्स या दोन खुंट्यांवर चढवायचा, खालून जॅक, वरून चेन ब्लॉक, आणि मग सरळ रेषेत पुढे सरकवायचा. शेवटी दोन सूत फट उरली आणि बॉक्स पुढे जात नाही, तर बोल्ट घालून ओढून घ्यायचा मोह होतो. ओढू नका. फट उरली म्हणजे कुठेतरी काहीतरी अडलंय. ओढलात तर हाउसिंगचा कान तुटेल, आणि १९७४च्या हाउसिंगचा कान शोधून मिळत नाही.

प्रोपेलर शाफ्ट. नवा बॉक्स लांबीला कमी-जास्त असणारच, म्हणजे पुढचा तुकडा लहान किंवा मोठा करावा लागेल. पुढच्या जॉइंटचा आणि सेंटर बेअरिंगचा फ्लँज काढण्याआधी पंचने खुणा करा. तुकडा कापून वेल्ड करणारा लेथवर सरळ करून, बॅलन्स करून देणारा हवा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत, एक दात जरी फिरला तरी गाडी ठरावीक वेगाला गुरगुरते. जॉइंटचा कोन तीन अंशांच्या आत ठेवा, आणि अगदी शून्यही नको, नाहीतर क्रॉसच्या सुया एकाच जागी घासून खाचा पाडतात. स्लिप जॉइंट गाडी उभी असताना मधोमध असावा, म्हणजे पाटे दबले की आत जायला आणि उडाले की बाहेर यायला दोन्हीकडे जागा राहते.

बॉक्सचा मागचा आधार जुळला नाही तर चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका आणि क्रॉस मेंबर कापू नका. चेसिसच्या उभ्या अंगात कारखान्याची भोकं असतात, त्यांतून बोल्ट घेणारी नवी पट्टी करून घ्या. उद्या बोल्ट काढले की गाडी होती तशी झाली पाहिजे.

गिअरचा दांडा हा आणखी एक अडथळा. १६१२ हे नाव एकच असलं तरी नाकवालीही होती आणि सपाट तोंडाचीही. सपाट तोंडाच्या गाडीत ड्रायव्हर इंजिनाच्या बाजूला, पुढे बसतो, त्यामुळे दांड्यापासून बॉक्सपर्यंत लांब रॉड जातो आणि वरचं झाकण त्या रॉडसाठी बनवलेलं असतं. तुम्हाला दांडा थेट हातात येणारं झाकण लागेल. विकत घेताना हे विचारून घ्या. स्पीडोमीटरची केबल, त्याचं लहान चाक, रिव्हर्स दिव्याचा स्विच, बॉक्स डंपरचा असेल तर पीटीओच्या (बॉक्समधून दुसऱ्या यंत्राला ताकद देणाऱ्या जोडाच्या) खिडकीवरचं झाकण, ही किरकोळ कामं आहेत पण बॉक्स चढवण्याआधी बाकावर करून घ्या. खाली झोपून करायला दुप्पट वेळ लागतो.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे डॉज किंवा फार्गो असेल तर त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. या अमेरिकन वळणाच्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या शेपटीला असतो. दुसरा बॉक्स लावला की हँडब्रेक गायब. त्याची सोय झाल्याशिवाय गाडी उतारावर नेऊ नका. बेडफर्ड, लेलँड, डॉज यांत मापं इंचांत, टाटात मिलिमीटरमध्ये, त्यामुळे एका घराण्याचा बॉक्स दुसऱ्याला लावायचा तर मधे अडॅप्टर प्लेट येते, आणि प्लेटची जाडी जेवढी तेवढा क्लच शाफ्ट मागे जातो. तो हिशोब पायलट बेअरिंगपाशी आणि रिलीज बेअरिंगपाशी दोन्हीकडे चुकता करावा लागतो. कमिन्ससारख्या इंजिनांवर एसएई मापाचं (अमेरिकन ठरलेल्या मापाचं) हाउसिंग असतं तिथे काम सोपं. एसएई १चा बोअर ५११.१८ मिमी, २चा ४४७.६८, ३चा ४०९.५८, तिघांनाही बारा बोल्ट. व्हर्निअर लावला की नंबर कळला.

चेसिस वाळूने साफ करणार असाल तर बॉक्स गाडीवर ठेवून करू नका. ब्रीदरमधून आणि सीलच्या ओठातून वाळूचा बारीक कण आत जातो, आणि बेअरिंगला त्याच्याइतका शत्रू दुसरा नाही. ऑइल जीएल-४ प्रतीचं, ८०डब्ल्यू-९० घ्या. दुकानदार जीएल-५ चांगलं म्हणून पुढे करेल, पण त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर घालताना वेग जुळवणाऱ्या रिंगांना) खातात. ते डिफरन्शियलसाठी ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीवर इंजिन आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. तरी १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये गाडीत बदल करण्याबद्दल नियम आहेत, तेव्हा चेसिस किंवा इंजिनाला हात लावायच्या आधी आरटीओत विचारा, आणि बॉक्स कुठल्या गाडीतून आला त्याची पावती जपून ठेवा.

गाडी सांगलीहून किंवा भंगारातून ओढून आणायची असेल, किंवा तुमचीच ओढून कोल्हापूरला न्यायची असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडा. इंजिन बंद असताना ले शाफ्ट फिरत नाही, म्हणून वर ऑइल उडत नाही, पण चाकांमुळे मेन शाफ्ट मात्र कोरडा फिरत राहतो. पन्नास किलोमीटर ओढलेला चांगला बॉक्स तिथेच संपू शकतो.

सगळं बसल्यावर पहिल्या दिवशी रिकामी गाडी, सपाट रस्ता, सगळे गिअर वरखाली. सिंक्रो नसलेला बॉक्स असेल तर डबल क्लच मारून, घाई न करता. पेडल दाबल्यावर आवाज येतो का, सोडल्यावर येतो का, हे दोन्ही लिहून ठेवा. दाबल्यावर आला तर रिलीज किंवा पायलट बेअरिंग, न्यूट्रलमध्ये सोडल्यावर आला तर बॉक्सचं पुढचं बेअरिंग. शेपटीला हात लावून किती तापलंय ते बघा, हात ठेवता येणार नाही इतकं रिकाम्या गाडीत तापायला नको. नंतर अर्धा भार घालून खंबाटकी चढा आणि उतरताना तिसऱ्यात पाय उचलून बघा, गिअर जागेवर राहतो का. पाचशे किलोमीटर झाले की गरम असतानाच ऑइल सोडा आणि ड्रेन बोल्टचं चुंबक बघा. करडी पेस्ट असेल तर पुसून नवं ऑइल भरा. काड्या असतील तर गाडी उभी करा आणि पुढचं कव्हर उघडा.